गोवळकोंड्याचे सात घुमट : एका दिवसाच्या सहलीतील अभ्यासस्थळ

हैदराबाद शहर एका दिवसात पाहण्याचा क्रम आता बहुतेक ठरून गेलेला आहे. सकाळी चारमिनार व मक्का मशीद, दुपारी सालारजंग वस्तुसंग्रहालय, उन्हे कलल्यावर गोवळकोंड्याचा किल्ला, आणि किल्ल्यावरून उतरल्यावर वेळ उरलाच तर कुतुबशाही सुलतानांचे मकबरे. या क्रमात मकबऱ्यांच्या वाट्याला जेमतेम अर्धा-पाऊण तास येतो. तोवर पाय भरून आलेले असतात, मुलांना भूक लागलेली असते आणि गाडीचा चालक परतण्याची घाई करीत असतो. प्रवासी सर्वांत मोठ्या घुमटासमोर उभा राहतो, छायाचित्र काढतो व निघतो. मराठवाडा, सोलापूर, बिदर, बेळगाव इत्यादी भागांतून येणाऱ्या शाळांच्या सहलींचीही बहुधा हीच कथा असते. खुद्द हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतही हे घुमट रस्त्यावरून पाहिलेले पुष्कळ, परंतु आत जाऊन सावकाश पाहिलेले थोडेच आढळतात.

हा क्रम उलटा करणे इष्ट होय. सकाळच्या उन्हात प्रथम मकबरे पाहावेत, किल्ला नंतर. एकाच राजघराण्यातील जवळजवळ सर्व राजे एकाच आवारात पिढीमागून पिढी पुरले गेले आहेत आणि प्रत्येकाची वास्तू अद्याप उभी आहे, अशी स्थळे फार थोडी. येथे क्रमाने फिरणाऱ्यास १६९ वर्षांचा इतिहास पाठ्यपुस्तकाच्या साहाय्यावाचूनही उलगडत जातो. शिवाय, जुन्या वास्तूची दुरुस्ती कशी करावी आणि कशी करू नये याचा वस्तुपाठ गेल्या काही वर्षांत येथे घडला आहे. आपल्या गावातील बारव, देऊळ, दर्गा किंवा गढी यांची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेण्यासारखा आहे.

स्थान आणि नाव

गोवळकोंडा किल्ल्याच्या बंजारा दरवाजापासून उत्तरेस सुमारे एक किलोमीटर अंतरावर इब्राहीम बाग या नावाचा भाग आहे. तेथे शंभर एकरांहून अधिक जागेवर हा वास्तुसमूह पसरलेला आहे. त्यात सुमारे चाळीस मकबरे, वीसहून अधिक मशिदी, काही बारवा, एक हमामखाना आणि उद्यानांतील लहानमोठी बांधकामे येतात. लोकांच्या तोंडी मात्र या जागेचे नाव ‘सात घुमट’ असेच आहे. चाळीस मकबऱ्यांच्या जागेला सातांचे नाव का पडले, हा प्रश्न विद्यार्थ्यांना प्रवेशद्वारापाशीच विचारावा. कुतुबशाही घराण्यात एकंदर आठ सुलतान होऊन गेले. त्यांपैकी सात जणांना या आवारात माती मिळाली. आठवा येथे नाही.

बहमनी राज्य मोडून दख्खनमध्ये जी पाच राज्ये उदयास आली त्यांपैकी अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बिदरची बरीदशाही मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. पाचवी ती गोवळकोंड्याची कुतुबशाही. तिचा संस्थापक सुलतान कुली हा इराणातील हमदानकडील तुर्कोमान घराण्यातला. नशीब काढण्यासाठी तो दख्खनमध्ये आला, बहमनी दरबारी चाकरीस लागून तेलंगणाचा सुभेदार झाला आणि इ. स. १५१८ च्या सुमारास स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. तेव्हापासून इ. स. १६८७ मध्ये मोगलांनी गोवळकोंडा घेईपर्यंत या घराण्याची सत्ता टिकली.

वास्तू कशी पाहावी

मकबरा म्हणजे कबरीवर उभारलेली वास्तू. येथील बहुतेक मकबऱ्यांची ठेवण एकदा ध्यानी आली की पुढचे पाहणे सोपे होते. प्रथम उंच चौथरा; त्यावर चौरस दालन; दालनाच्या चहूबाजूंनी टोकदार कमानींची ओवरी; वर कठडा व कोपऱ्यांवर छोटे मिनार; आणि सर्वांच्या माथ्यावर कांद्याच्या आकाराचा फुगीर घुमट. घुमट जेथून वर उठतो तेथे सभोवार कमळाच्या पाकळ्या काढलेल्या दिसतात. घुमट जणू उमललेल्या फुलातून वर आला आहे असे वाटावे, ही त्यामागील कल्पना. आराखड्यावर इराणची छाप आहे. बहमनी सुलतानांनी बिदरजवळ अष्टूर येथे बांधलेले मकबरे ही त्याची अगोदरची पायरी होय. दगड मात्र स्थानिक ग्रॅनाइट आहे. हा दगड इतका कठीण की त्यावर बारीक नक्षी कोरणे दुरापास्त. म्हणून कारागिरांनी भिंती ग्रॅनाइटच्या केल्या आणि नक्षी चुन्यात केली. जाळ्या, फुले, कठड्यांवरील वेलबुट्टी हे सारे काम चुन्याचे आहे. ही गोष्ट विसरता कामा नये. दुरुस्तीच्या प्रश्नात तिला फार महत्त्व आहे.

दालनात जो काळा, गुळगुळीत, पायऱ्यापायऱ्यांचा दगड दिसतो त्याखालीच लगेच देह असतो असे नाही. मोठ्या मकबऱ्यांत खरी कबर खाली तळघरात असते आणि वरचा दगड केवळ तिची जागा दाखवितो. हिंदुस्थानात सामान्यतः पाळला गेलेला आणखी एक संकेत असा की पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा लांबट उंचवटा असतो, तर स्त्रीच्या कबरीवर पाटीसारखा सपाट भाग असतो. हा संकेत सांगितला की मुले आपण होऊन कबरी पाहू लागतात, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

पहिल्यापासून सातव्यापर्यंत

पाहण्यास आरंभ हमामखान्यापासून करावा. राजघराण्यातील व्यक्ती मरण पावल्यावर तिच्या देहास येथे अखेरचे स्नान घालण्यात येत असे. थंड व ऊन पाण्याची टाकी, भिंतीतून नेलेले मातीचे नळ आणि मध्यभागी बारा कोनांचा चौथरा अशी तिची रचना आहे. कुतुबशाही सुलतान शिया पंथाचे होते, व शियांच्या बारा इमामांशी या बारा कोनांचा संबंध जोडला जातो. प्रवाशांपैकी पुष्कळ जण ही ठेंगणी वास्तू पाहतही नाहीत. परंतु उंच घुमटांकडे जाण्यापूर्वी प्रत्येक सुलतानाला येथे थांबावे लागले आहे.

जवळच सुलतान कुलीचा मकबरा आहे. आकाराने बेताचा, दिसण्यात साधा. त्याने तो आपल्या हयातीतच बांधून ठेविला होता, आणि पुढे तसाच पायंडा पडून राज्यावर बसलेला प्रत्येक सुलतान आपली अखेरची जागा स्वतःच सिद्ध करू लागला. कबरीवरील लेखात त्याचा निर्देश ‘बडे मलिक’ असा आहे. दख्खनमधील लोक त्यास त्याच नावाने ओळखीत. दालनात तीन कबरी आहेत आणि बाहेर चौथऱ्यावर आणखी एकवीस. वृद्ध सुलतान इ. स. १५४३ मध्ये मारला गेला, आणि त्यामागे त्याचाच मुलगा जमशीद याचा हात होता.

या जमशीदचा मकबरा बापाच्या मकबऱ्यापासून फार दूर नाही. समूहातील इतर शाही मकबरे चौकोनी. हा एकटा अष्टकोनी व दुमजली आहे. आत कबरीवर लेख नाही. त्याने सात वर्षे राज्य केले व इ. स. १५५० मध्ये तो मरण पावला. त्याचा मुलगा सुभान अल्पवयीन असतानाच गादीवर आला आणि थोड्याच काळात पदच्युत झाला. आजोबाला ‘बडे मलिक’ म्हणत म्हणून या मुलाच्या मकबऱ्यास लोक ‘छोटे मलिक’ म्हणतात. आजोबा व बाप यांच्या मकबऱ्यांच्या मधोमध त्याचा लहानसा मकबरा उभा आहे. खून करणारा, खून झालेला आणि त्या खुनाच्या लाभाचा वारस असूनही राज्य न लाभलेला मुलगा, असे तिघे शे-दोनशे पावलांत आहेत. राज्यलोभाचे फळ याविषयी वर्गात कितीही सांगितले तरी येथे उभे राहून जे समजते ते निराळेच.

त्यानंतर इब्राहीम कुतुबशहा. भावाच्या भीतीने हा तरुणपणी विजयनगरच्या आश्रयास जाऊन राहिला होता. तेथे त्यास तेलुगू भाषेची गोडी लागली आणि पुढे राज्यावर आल्यावर त्याने तेलुगू कवींना उदार आश्रय दिला. ते त्यास ‘मल्किभराम’ म्हणत. विशेष हे की ज्या विजयनगरने त्यास आसरा दिला त्याच विजयनगरविरुद्ध इ. स. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तो इतर सुलतानांच्या बाजूने उभा राहिला. इ. स. १५८० मध्ये तो वारला. त्याच्या मकबऱ्याच्या दक्षिणेकडील दर्शनी भागावर रंगीत चकाकी दिलेल्या कौलांचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. आज सर्व मकबरे राखी किंवा पांढरट दिसतात. परंतु त्यांतील काहींच्या भिंती एके काळी निळ्या-हिरव्या रंगांनी झळकत होत्या, याची साक्ष हे तुकडे देतात. ते शोधून काढण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे.

समूहातील सर्वांत भव्य मकबरा पाचवा सुलतान मुहम्मद कुली याचा आहे. हैदराबाद शहर वसविणारा व चारमिनार उभारणारा (इ. स. १५९१) हाच. तो स्वतः कवी होता. मराठी व तेलुगू शब्द ज्या भाषेत सहज मिसळून गेले आहेत त्या दखनी भाषेत त्याने विपुल कविता लिहिली. त्याचा मकबरा सुमारे ६५ मीटर बाजूच्या विस्तीर्ण चौथऱ्यावर आहे आणि घुमटाच्या टोकापर्यंतची उंची सुमारे ४२ मीटर भरते. ओवरीच्या कमानींऐवजी येथे ग्रॅनाइटचे उंच, सडपातळ खांब पुढे काढले आहेत. एवढ्या अवजड वास्तूला त्यामुळे आलेला हलकेपणा पाहण्यासारखा आहे. खरी कबर चौथऱ्याखालील तळघरात आहे.

सहावा मुहम्मद कुतुबशहा हा मुहम्मद कुलीचा पुतण्या व जावई. सहलीत पाहिली जाणारी मक्का मशीद याच्या कारकिर्दीत सुरू झाली; ती पुरी होण्यापूर्वीच घराणे बुडाले आणि इ. स. १६९४ मध्ये औरंगजेबाने ती पूर्ण करविली. सातवा अब्दुल्ला याने इ. स. १६२६ पासून १६७२ पर्यंत दीर्घकाळ राज्य केले, परंतु इ. स. १६३६ पासून त्यास मोगलांचे वर्चस्व मान्य करावे लागले.

या दोघांपेक्षाही एका स्त्रीचा मकबरा अधिक लक्ष वेधून घेतो. हयात बक्षी बेगम ही मुहम्मद कुलीची कन्या, मुहम्मद कुतुबशहाची पत्नी आणि अब्दुल्लाची माता. तीन सुलतानांशी असे नाते असलेल्या या बाईंचा राज्यकारभारावर दीर्घकाळ प्रभाव होता. हैदराबादजवळचे हयातनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या इ. स. १६६७ मध्ये वारल्या. त्यांचा मकबरा आकाराने सुलतानांच्या तोडीचा आहे आणि शेजारची मोठी मशीद ही या समूहातील सर्वांत देखणी मशीद म्हणावी लागेल. अब्दुल्लाच्या पदरी असलेल्या तारामती व प्रेमामती या कलावंतिणींचे, तसेच गिलानी आडनावाच्या दोघा राजवैद्यांचे जोड-मकबरेही येथेच आहेत. राजांच्या पंक्तीत वैद्यांना आणि कलावंतिणींना मिळालेली ही जागा पाहून कुतुबशाही दरबाराची वृत्ती कळते.

आठवा

शेवटचा सुलतान अबुल हसन, ज्यास ‘तानाशहा’ म्हणतात, तो मराठी इतिहासात अनेकदा भेटतो. मादण्णा व आकण्णा हे ब्राह्मण बंधू त्याचे कारभारी होते. इ. स. १६७७ च्या प्रारंभी दक्षिणदिग्विजयास निघालेले छत्रपती शिवाजी महाराज भागानगरास, म्हणजे हैदराबादेस, आले. तेथे अबुल हसनने त्यांचा सन्मान केला आणि दोघांत तह झाला. त्यानंतर दहाच वर्षांनी औरंगजेबाने गोवळकोंड्यास वेढा घातला. किल्ला सुमारे आठ महिने लढला आणि सप्टेंबर १६८७ मध्ये फितुरीने पडला. त्या वेढ्यात मोगल फौजेचा वावर या मकबऱ्यांच्या परिसरातही होता.

अबुल हसनला कैद करून दौलताबादच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथेच त्याची उरलेली वर्षे गेली व तेथेच त्याचा अंत झाला. त्याची कबर खुलताबाद येथे एका दर्ग्याच्या आवारात आहे. तिच्यावर घुमट नाही. ज्याने त्याचे राज्य घेतले तो औरंगजेबही इ. स. १७०७ मध्ये मरण पावल्यावर त्याच खुलताबादेत, तशाच साध्या कबरीत पुरला गेला. मराठवाड्यातील शाळांनी वेरूळच्या सहलीस जोडून खुलताबाद पाहिले तर गोवळकोंड्याची ही कथा तेथे पुरी होते.

पडझड आणि दुरुस्ती

राजघराणे सत्तेवर होते तोवर या मकबऱ्यांची निगा उत्तम राखली जात असे. सतराव्या शतकात येथे आलेला फ्रेंच व्यापारी तावर्निये याने लिहून ठेविले आहे की मकबऱ्यांत गालिचे अंथरलेले असत आणि तिसऱ्या प्रहरी तेथे जमलेल्या गोरगरिबांना भाकरी व पुलाव वाटण्यात येई. सत्ता गेली आणि ही व्यवस्थाही संपली. पुढील दोन शतकांत घुमटांवर झाडे उगवली, गिलावा निखळला, बारवांत गाळ साचला. मधूनमधून डागडुजी झाली खरी. परंतु विसाव्या शतकातील डागडुजीत सिमेंट वापरण्यात आले, आणि दुर्लक्षाने झाली नसती अशी हानी त्या दुरुस्तीने झाली.

ती कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी भिंतीत थोडे मुरते, ऊन पडले की त्याच वाटेने वाफ होऊन निघून जाते. थंडी-उन्हाने दगड आकुंचन-प्रसरण पावला तर चुनाही थोडा लवतो. सिमेंट याच्या उलट आहे. ते कठीण व घट्ट. ते लवत नाही आणि पाण्यास वाट देत नाही. सिमेंटच्या थराला कोठे तरी बारीक भेग पडतेच. त्या भेगेतून पाणी आत शिरते, पण बाहेर पडू शकत नाही. आत कोंडलेल्या ओलाव्याबरोबर क्षार येतात, थरामागे त्यांचे खडे बनतात, गिलावा फुगतो आणि शेवटी खाली येतो. येताना मागची जुनी चुन्याची नक्षीही घेऊन येतो. चुनखडी भाजून सिमेंट व चुना दोन्ही बनतात. म्हणून पुष्कळांना ते सख्खे भाऊ वाटतात. जुन्या भिंतीवर मात्र एक तिला जगवतो व दुसरा तिला मारतो.

जानेवारी २०१३ मध्ये राज्य शासनाचा पुरातत्त्व विभाग, कुली कुतुबशहा नागरी विकास प्राधिकरण आणि आगाखान सांस्कृतिक न्यास यांच्यात करार होऊन संपूर्ण समूहाच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. त्याच वर्षी मुसळधार पावसात येथील बडी बावली नावाच्या मोठ्या बारवेची एक बाजू ढासळली. काम करणाऱ्यांपुढे ती एक परीक्षाच होती. कोसळलेले दगड गाळातून वर काढण्यात आले, बारव उपसण्यात आली आणि भिंत पूर्वीच्या पद्धतीने, चुन्यात, पुन्हा उभी करण्यात आली. या बारवांत आता पावसाचे पाणी साठते व ते परिसरातील झाडांच्या उपयोगी पडते. इ. स. २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-जतन पुरस्कारांत गोवळकोंड्याच्या बारवांना विशेष गौरव मिळाला. त्याच वर्षी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतनकार्यासही त्याच योजनेतील पुरस्कार लाभला होता.

मकबऱ्यांवरील सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने खरवडून काढणे हे या कामातील अत्यंत चिकाटीचे अंग. यंत्राने ते लवकर निघाले असते, पण नक्षी गेली असती. मग चुना तयार करावयाचा. कळीचा चुना पाण्यात विझवून दीर्घकाळ मुरत ठेवतात, घाणीत वाळूसह मळतात आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर यांसारखे पदार्थ मिसळतात. त्यामुळे तो चिकट होतो व सावकाश आवळतो. असा गिलावा पातळ थरांनी चढवावा लागतो आणि प्रत्येक थरास सवड द्यावी लागते, कारण चुना घट्ट होतो तो हवेतील कर्बवायू शोषून, आणि त्यास घाई मानवत नाही. दुरुस्तीबरोबर उत्खननही झाले आणि सुलतान कुलीच्या मकबऱ्याभोवतीच्या जुन्या बागेच्या आवाराचे पाये उघडकीस आले. पाथरवट व गवंडी यांचे हे काम दहा वर्षांहून अधिक काळ चालले. तेलंगणा राज्य २०१४ मध्ये स्थापन झाल्यावर ते नव्या राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या सहकार्याने पुढे चालू राहिले आणि जुलै २०२४ मध्ये जतन झालेला हा समूह समारंभपूर्वक जनतेस खुला करण्यात आला. गोवळकोंडा किल्ला, हे मकबरे व चारमिनार यांचे एकत्रित नामांकन २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे.

गावातील वास्तूंसंबंधी

जुन्या बांधकामाविषयी आस्था नाही असे गाव विरळाच. अडचण आस्थेची नसून पद्धतीची असते. वर्गणी जमते, उत्साही मंडळी पुढे होतात, आणि आठ दिवसांत जुन्या देवळाच्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा, त्यावर तैलरंग व खाली चकचकीत फरशी बसते. बारवेच्या बाबतीत तर बहुधा वरून सिमेंटचे झाकण घालून तिचा प्रश्नच मिटविला जातो. हे करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हीच दुःखाची गोष्ट होय.

ग्रामपंचायतीने व शाळेने पुढील गोष्टी ध्यानी ठेवल्या तर पुष्कळ हानी टळेल. वास्तू संरक्षित आहे किंवा कसे याची चौकशी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे करावी. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार व त्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. वास्तू संरक्षित नसली तरी चुन्याच्या भिंतीस चुनाच लावावा, आणि चुन्याचे काम येणारा जुना गवंडी पंचक्रोशीत असेल तर त्याच्या हाताखाली दोन तरुणांना शिकवून घ्यावे. भिंतीत उगवलेले वड-पिंपळाचे रोप उपटू नये. मुळे सांध्यात शिरलेली असतात व ओढली की दगड हलतात. ते लहान असतानाच बुडाशी कापावे आणि पुन्हा फुटले तर पुन्हा कापावे. छतावरचे पाणी निघून जाण्याच्या वाटा पावसाळ्यापूर्वी मोकळ्या कराव्यात. यास खर्च फार नाही. गोवळकोंड्यास जे दहा वर्षे करावे लागले त्यातील पुष्कळसे या चार गोष्टी वेळेवर झाल्या असत्या तर करावे लागले नसते.

सहलीची आखणी

मकबऱ्यांसाठी किमान तीन तास राखून ठेवावेत. चारमिनारपासून हे ठिकाण दहा-अकरा किलोमीटर आहे आणि सकाळी लवकर निघाल्यास वाहनांची गर्दीही लागत नाही. सुट्टीचा वार व प्रवेशशुल्क यांची चौकशी अगोदर करावी. आवार मोठे व बरेचसे उघडे असल्याने उन्हाळ्यात पाणी आणि टोपी जवळ असावी.

विद्यार्थ्यांच्या चार-पाच जणांच्या तुकड्या कराव्यात व प्रत्येकीस एकेक काम द्यावे. एका तुकडीने दोरीच्या साहाय्याने एका मकबऱ्याच्या चौथऱ्याची लांबी-रुंदी मोजावी; दुसरीने दर्शनी बाजूच्या कमानी मोजून रेखाचित्र काढावे; तिसरीने रंगीत कौलांचे अवशेष कोठे कोठे आहेत ते टिपावे; चौथीने बारवेच्या काठावर बसून पाणी कोठून येते व कोठे जाते याचा शोध घ्यावा. कड्यांवरून बारवेत वाकून पाहण्यास मात्र सक्त मनाई असावी. मशिदींत पादत्राणे काढून जावे, कबरींवर बसू नये, व घुमटाखाली प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आरडाओरड करू नये. एकदा हलकेच टाळी वाजविली तरी घुमट उत्तर देतो. खिळ्याने किंवा खडूने भिंतीवर नावे लिहिण्याची खोड मोठ्या माणसांनाही असते, तेव्हा त्याविषयी सूचना गाडीतच द्यावी.

मध्यान्हीच्या सुमारास मकबरे पाहून झाले की शिदोरी सोडावी आणि थोड्या विश्रांतीनंतर किल्ल्याकडे जावे. किल्ल्याची चढण दिवस कलल्यावर सोयीची पडते. सर्वांत वर बाला हिसारवर पोहोचल्यावर उत्तरेकडे पाहिले असता सकाळचे सर्व घुमट एका नजरेत दिसतात. सुलतानांनाही आपल्या महालाच्या गच्चीवरून आपल्या पूर्वजांचे आणि स्वतःसाठी बांधविलेले मकबरे असेच समोर दिसत असत. त्यांतील अष्टकोनी कोणता, खांबांचा कोणता आणि हयात बक्षी बेगमेचा कोणता, हे तेथून मुलांना ओळखावयास सांगावे.